डोंगर पेटला तो रविवार

दुपारची जेवणं उरकत आली होती तेव्हा डोंगरावर धूर दिसला. मार्चमध्ये तो अधूनमधून दिसायचाच. कुणी बांध पेटवून द्यायचं, कुणी नवं गवत यावं म्हणून जुनं जाळायचं. मग डोंगरावर एक लाल रेघ सरकत राहायची आणि दुसऱ्या दिवशी तिथं काळा पट्टा उरायचा. म्हणून रजनीने आधी नुसतं बघितलं, आणि सहावीच्या पोरींना ताटं घासायला पाठवलं.

धावडा गावाहून डोंगराकडे जाणारा कच्चा रस्ता जिथं संपतो तिथं ही मुलींची निवासी शाळा होती. रजनी तिथली अधीक्षिका. जुन्या जालन्यात वाढलेली, कापड दुकानांच्या गल्लीतली. नोकरी लागली तेव्हा वर्षभरात बदली करून घेऊ म्हणाली होती. आता सहावं वर्ष चालू होतं. दहावीच्या मुली परीक्षा देऊन घरी गेल्या होत्या. पाचवी ते नववीच्या ऐंशीएक मुली होत्या. मुख्याध्यापक मार्तंड सर शनिवारीच बदनापूरला घरी गेले होते. चौकीदार एका लग्नाला गेला होता. शाळेत मोठी माणसं दोनच, रजनी आणि स्वयंपाक करणाऱ्या सगुणाबाई.

तासाभरात वारा फिरला. जाळ खाली यायला लागला तो रेघेसारखा नव्हे, तर उड्या मारत. सागाची वाळलेली पानं पेटून वर उडायची आणि पुढच्या गवतात पडायची. रजनीने गच्चीवर जाऊन पाहिलं. तिने सरांना फोन लावला.

"तहसीलला सांगतो, अग्निशमनची गाडी पाठवतील," सर म्हणाले. "तोवर एकही मुलगी गेटच्या बाहेर जाता कामा नये. काही झालं तर जबाबदारी आपल्यावर येते."

"सर, जाळ जवळ आलाय."

"मॅडम, घाबरू नका. त्यांची गाडी येते आहे."

गाडी आली नाही. आला तो मच्छिंद्र. धावड्याचाच शेतकरी, त्याची राजनंदिनी इथं नववीत होती. मळ्यातून धूर दिसला तशी ट्रॉलीतली मका त्याने तिथंच रिकामी केली आणि ट्रॅक्टर इकडे वळवला. गेटमधून आत येतायेताच तो ओरडला, "म्याडम, बसवा पोरी जल्दी! वळणापाशी जाळ येऊन राह्यला. रस्ता बंद झाला तर काही खरं न्हाई."

सरांनी काय सांगितलं होतं ते रजनीला आठवलं, पण ती त्यावर फार थांबली नाही. "लहान आधी," ती म्हणाली. पाचवीच्या, सहावीच्या, सातवीच्या पोरी ट्रॉलीत चढायला लागल्या. सगुणाबाई एकेकीला बखोटीला धरून वर देत होत्या. ट्रॉली इतकी भरली की मागचे फाळके बंद होईनात. मच्छिंद्र मागे वळून बघत होता. त्याची नजर राजनंदिनीवर गेली. ती आठवी-नववीच्या मुलींबरोबर व्हरांड्यात उभी होती.

"नंदे, ये. इथं माझ्यापाशी बस, मडगार्डवर."

राजनंदिनी पुढे आली. तेवढ्यात सगुणाबाईंनी एक पाचवीची पोर उचलून आणली. ती भीतीनं संडासात लपून बसली होती. ट्रॉलीत तिला पाय ठेवायला जागा नव्हती. राजनंदिनीनं तिच्याकडे बघितलं, मग बापाकडे.

"आबा, हिला न्या. मी दुसऱ्या खेपेला येते."

 त्या पोरीला मच्छिंद्रने मडगार्डवर बसवलं, आपला रुमाल तिच्या तोंडाला बांधला. मग रजनीला म्हणाला, "म्याडम, ह्यांना उतरवतो अन् असाच माघारी येतो. तुम्ही पायी निघू नका, वळणाला धुरात काही दिसत न्हाई. इथंच थांबा."

"थांबते," रजनी म्हणाली. "तुम्ही या."

ट्रॅक्टर गेला. रजनीने राहिलेल्या मुलींना हौदावर नेलं आणि अंगावरच्या ओढण्या, पांघरायच्या चादरी, सगळं भिजवायला लावलं. सगुणाबाईंनी गॅस बंद केला. शेगड्यांचे दोन सिलिंडर ओढत बाहेर आणले. कोठीतला भरलेला मात्र तसाच राहिला. रजनीने सरांना पुन्हा फोन लावला तर आवाजच नाही. गावातली लाईट गेली होती आणि टॉवर बंद पडला होता.

मग ठिणग्या पडायला लागल्या. स्वयंपाकघरामागे पऱ्हाट्यांची, कपाशीच्या वाळक्या काड्यांची, मोठी गंज रचलेली होती. शेतकरी कापूस झाल्यावर आणून टाकायचे, पावसाळ्यात अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायला उपयोगी पडायच्या. एक ठिणगी तिथं पडली. सगुणाबाई बादली घेऊन धावल्या, पण पाणी पोचायच्या आत गंज कडाकडा पेटली. एवढा झोत आला की त्या मागच्या मागे पडल्या. त्यांची भुवई जळाली होती.

रजनीने गच्चीवरून मघाशी पाहिलं होतं, शाळेच्या मागे, ओढ्यापलीकडे एक नांगरलेलं रान होतं. गहू काढून मालकाने खोल नांगरट केली होती. काडीही नव्हती त्यात, नुसती काळी ढेकळं.

"चला, सगळ्या माझ्या मागे. एकमेकींचा हात सोडायचा नाही."

राजनंदिनी जागची हलली नाही. "म्याडम, आबा येतील. तुम्ही थांबते म्हणाल्ता."

"येतील. पण इथं थांबलो तर आपण मरू. चल."

"मंग त्यांना कसं कळंल?"

 रजनीने राजनंदिनीचा दंड धरला आणि तिला ओढत नेलं. कुंपणाची तार सगुणाबाईंनी पायानं दाबून धरली, मुली एकेक करून पलीकडे गेल्या. ओढा कोरडा होता. पुढे ढेकळांत पाय मुरगळत होते, कुणाची चप्पल राहिली, कुणी रडत होती. रानाच्या मधोमध पोचल्यावर रजनीने सगळ्यांना पालथं झोपवलं आणि ओल्या चादरी वरून ओढल्या. "नाक मातीला लावा. मातीला लावा नाक!"

जाळ शाळेपाशी पोचला तेव्हा दिवसाउजेडी अंधारल्यासारखं झालं. नांगरटीच्या कडेपर्यंत आग आली, बांधावरचं गवत खाऊन दोन्ही बाजूंनी फुटली, पण आत शिरली नाही. उष्णतेनं चादरी वाळत चालल्या. आणि त्या आवाजात रजनीला ट्रॅक्टर ऐकू आला.

राजनंदिनीलाही आला. ती ताडकन उठली. "आबांचा ट्रॅक्टर! म्याडम, आबा आले!"

रजनीने तिला खाली पाडलं आणि तिच्या पाठीवर आपलं सगळं वजन टाकलं. राजनंदिनी हातपाय झाडत होती, ओरडत होती. मग सगळ्याच मुली ओरडायला लागल्या, "इकडं! इकडं हाओत!" सगुणाबाईंनी तर उभं राहून हाळी घातली. पण वारा त्यांच्याकडून तिकडे नव्हताच, तिकडून त्यांच्याकडे होता. मच्छिंद्रचा आवाज त्यांना येत होता. "नंदे! ए नंदे!" आधी गेटपाशी, मग आत कुठंतरी. राजनंदिनी रजनीच्या मनगटाला कडकडून चावली. रजनीने हात काढला नाही.

मग कोठीतला सिलिंडर फुटला. त्यानंतर हाक आली नाही.

संध्याकाळी गावातली माणसं टँकर घेऊन आली. वळणावर त्यांनी मच्छिंद्रला अडवलं होतं म्हणे. दोघं तर ट्रॅक्टरच्या पुढे आडवे झाले होते. तो म्हणाला, "पोरी तिथं थांबल्यात. म्याडमनं सांगितलंय." आणि दोघांच्या मधून ट्रॅक्टर काढला. तो सापडला वसतिगृहाच्या बोळीत. एकेका खोलीचं दार उघडून बघत गेला होता. शेवटच्या दोन खोल्या राहिल्या होत्या. जिवंत होता. त्याला भोकरदनला नेलं, तिथून संभाजीनगरला.

त्या रात्री ग्रामपंचायतीच्या ओट्यावर मुली आपापल्या आईबापांच्या गळ्यात पडत होत्या, आणि रजनीला एकदम फळे आठवले. शाळेत प्रत्येक वर्गात फळा होता, गेटजवळ सूचनेचाही एक होता. 'मागच्या रानात आहोत' एवढं लिहायला कितीसा वेळ लागला असता? तिने सगुणाबाईंना तसं बोलून दाखवलं.

"त्या धुरात कोन वाचतंय, बाई," सगुणाबाई म्हणाल्या. पण त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या.

हॉस्पिटलात मच्छिंद्र आठवडाभर होता. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. त्याची बायको द्वारकाबाई राजनंदिनीला आत घेऊन गेली. "ही बघा, नंदी आलीय. धडधाकट हाय. पोरगी बराबर हाय तुमची." राजनंदिनी कशीबशी म्हणाली, "आबा."

मच्छिंद्रने आवाजाकडे मान वळवली. 

"कुठं होती गं तू?" त्याने विचारलं.

तिला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गेला.

चौकशी झाली. मार्तंड सरांनी लिहून दिलं की परिसर सोडू नये अशा स्पष्ट सूचना त्यांनी दिल्या होत्या. पेपरात मात्र रजनीचं कौतुक आलं. दोन्हींतलं काही तिने धड वाचलं नाही. दहाव्याला ती धावड्याला गेली. बायकांनी तिला जागा करून दिली. निघताना द्वारकाबाई दारापर्यंत आली.

"म्याडम, तुम्ही तिला धरून ठेवलं, ते मला ठावं हाय. तुमचे उपकार हायेत. पन इथं येत जाऊ नका. तुम्हाला बघितलं की मला तेच दिसतं."

"बरं," रजनी म्हणाली.

परत जाताना रस्त्यात राजनंदिनी उभी होती. घरातून आधीच निघून पुढे येऊन थांबली असावी.

"तुम्ही मला सोडलं असतं तर मी पोचले असते," ती म्हणाली. "मी लई जोरात पळते."

"नसती पोचलीस."

"तुम्हाला काय माहीत?"

 रजनीला खरंच माहीत नव्हतं. मनगटावरची जखम अजून भरली नव्हती; तिने ती पदराखाली घेतली.

जूनमध्ये भोकरदनला भाड्याच्या इमारतीत शाळा पुन्हा सुरू झाली. निम्म्या मुली आल्याच नाहीत. रजनीने बदलीचा अर्ज केला होता, तो मंजूर व्हायचा होता. दुसऱ्या आठवड्यात राजनंदिनी आली. मामा सोडायला आला होता. रजनीने तिला वरच्या मजल्यावर नेलं. खिडकीजवळची एक कॉट रिकामी होती, वारा चांगला यायचा तिथं.

"ही घे."

"न्हाई," राजनंदिनी म्हणाली. "मला दाराजवळची पाहिजे."

दाराजवळ दुसरी मुलगी होती. रजनीने तिला उठवलं, तिची गादी खिडकीकडे नेली, आणि दाराजवळच्या कॉटवर स्वतः चादर घातली. राजनंदिनी तोवर भिंतीला टेकून उभी होती. चादर घालून झाली तशी ती बसली आणि पेटी उघडून कपडे लावायला लागली.