हिमालयवाली कुंदाबाई

१९९३ सालच्या मे महिन्यात एरंडोलजवळच्या त्या गावात कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. माणसं मात्र झुलालच्या अंगणात भर उन्हात दाटीवाटीनं उभी होती. कारण ओट्यावर झुलालची बायको कुंदाबाई स्वेटर घालून, वर गोधडी पांघरून कुडकुडत बसली होती.

"पाहा!" बन्सीलाल महाराज गरजले. "हिमालयात गुंफा, गुंफेत बर्फ, बर्फात माता! तीच माता मुक्काम हलवून या देहात आली! चेहरा कसा भरला, आवाज कसा घोगरा झाला!"

माता आलीच असेल तर तिनं निदान भाकऱ्या तरी थापाव्यात, असं कुंदाबाईला वाटत होतं. वर्षभर तिच्या अंगात त्राण नव्हतं. केस गळत, दिवसाही झोप येई, बोलायचं तर एकेक शब्द विहिरीतून शेंदावा लागे. काल ती नुसती "हं" म्हणाली, तर गावातल्या चिंधानं तो मातेचा कौल मानून आपल्या मुलीचं लग्न पक्कं केलं.

महाराजांनी लोट्यातल्या पाण्यात तीन मुठी गुलाबी 'कैलासचूर्ण' टाकलं आणि मंत्र पुटपुटले. लोटा हातोहात फिरला. गारेगार!

"उद्या मातेला नरडाण्याला दर्शनाच्या मांडवात बसवू. औषधाचा थेंबही द्यायचा नाही, माता कोपेल."

"बरं महाराज," झुलाल म्हणाला.

पोरांना लस टोचायला गावात आलेल्या डॉक्टरीणबाई गर्दीतून पुढे झाल्या. त्यांनी कुंदाबाईची नाडी धरली, गळा चाचपला.

"नाडी फार मंद आहे, गळ्याला सूज आहे. झुलालभाऊ, हा आजार दिसतो. असंच ठेवलं तर एक दिवस ही बेशुद्ध पडेल."

"समाधी!" महाराज ओरडले. "जय हो!"

कुंदाबाई घाबरली. तेवढ्यात लोटा तिच्यापुढे आला. तिनं बोटं बुडवली. हा गारवा ओळखीचा होता. कपाशीवर फवारायच्या वेळी पंप पुरुषांच्या पाठीवर असे, पण ड्रममध्ये हात घालून कालवायचं काम बायकांचं.

"यु..." ती म्हणाली. माणसं पुढे सरकली. "...रिया."

"युरियामाता की जय!"

"नही... लोटामा... युरिया शे."

शेजारच्या भिकुबाईनं लोट्यात हात घातला. "हो वं माय! ड्रममा कालवताना अस्साच गार लागस!"

चार बायकांनी खात्री केली. पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. महाराज चपला शोधू लागले.

"युरिया विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुलाल घातला की कैलास झाला!"

जळगावला कुंदाबाईचं रक्त तपासलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी झुलालला समजावलं, "गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते. शरीराची चूल तिच्यामुळे पेटती राहते. आपल्याच रक्तातले राखणदार तिला चोर समजून झोडपताहेत, म्हणून चूल मंदावली. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर."

"आणि राखणदार?"

"ते मूर्खच राहणार. आपण मूर्ख राहायचं कारण नाही."

तीन महिन्यांनी कुंदाबाई शेतात निंदायला जाऊ लागली. तरी सुजल्या चेहऱ्याची एक बाई पिंपळनेरहून दर्शनाला आलीच. कुंदाबाईनं तिला हाताला धरून उठवलं.

"मना पाया पडू नको, माय. डॉक्टरले गळा दखाड, रक्त तपास. इतकं करीसन बी काही सापडनं नही, तर मंग देवीले इचार!"