आठ जणांचा भात

कुंतळाने भाताचं पातेलं पेज गाळायला तिरकं लावलं आणि कृपासिंधु मास्तरांनी डोळ्यांनीच भात मोजला. आजही आठ जणांचा. घरात माणसं दोन.

तिला सांगून पाहिलं नव्हतं असं नाही. पावसाळ्यात एकदा ते हसत हसत म्हणाले होते, "अगं, आपण दोघंच आता. एवढा भात कोण खाणार?" तिने चमच्यावरचा हात तसाच ठेवून विचारलं, "दोघंच? आणि सासूबाई?" सासूबाईंना जाऊन वर्षं लोटली होती. दिरांची बिऱ्हाडं वेगळी झाली, मुलं शहरात गेली, हे सगळं तिने त्या दुपारी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत रडली. तेव्हापासून मास्तरांनी तोंड मिटलं आणि उरलेला भात संपवायचं काम अंगावर घेतलं.

जन्मात ज्यांनी चूल पेटवली नव्हती, ते चोरून शिकले. रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी पखाळ, सोबत भाजलेलं वांगं. मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन परतलेला भात. कांदा-मिरची घालून थापलेले वडे. गच्चीवर वाळवून तळलेला कुरकुरीत भात. वाटून केलेली धिरडी. कुंतळा दुपारी पडली की हे उद्योग चालत. ती उठून म्हणे, "आज वडे कुणी केले?" आणि मास्तर म्हणत, "तूच की." ती हसे, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

मार्गशीर्ष लागला तरी पखाळ चालूच होती. थंडीत आंबलेलं पाणी पिऊन त्यांचा घसा बसला. फोनवर लेक इतिश्री म्हणाली, "बापा, आवाजाला काय झालं? आणि बोऊ मला परवा दोनदा विचारत होती, शाळा सुटली का म्हणून. मी बुधवारी येते. गुरुवारची पूजा आपण मिळून करू. मला नीट बघू दे तिला."

नीट बघून काय ठरणार होतं, ते मास्तरांना ठाऊक होतं. लेकीने मागेच सांगून टाकलं होतं. वेळ आली तर बोऊ, म्हणजे आई, भुवनेश्वरला तिच्याकडे, बापा राउरकेल्याला दादाकडे. दोघांच्याही घरात दोघांना एकत्र ठेवण्याएवढी जागा नव्हती, आणि ते खोटं नव्हतं.

म्हणून हा बुधवार असा अवघड. उद्या लक्ष्मीची पूजा. घरात शिळ्याचा कण राहून चालणार नव्हता, आणि लेकीच्या नजरेस तर उरलेला भात आजही पडता कामा नये. कुंतळा पडल्याबरोबर त्यांनी थोडा भात पाट्यावर घेतला, पाणी शिंपडत वाटला आणि पांढरीशुभ्र पेस्ट स्टीलच्या वाडग्यात काढून ओट्यावर ठेवली. लेक आली की गरम धिरडी, बस. बाकीचा भात बादलीत भरून ते मागच्या दाराने शेजारच्या सबिताखुडीच्या गोठ्यात गेले.

"आलात?" सबिताखुडी शेण थापता थापता म्हणाली. "मास्तर, आमची गाय आता कडबा हुंगतसुद्धा नाही. तुमच्या घरची सून झालीय ती. दूध तेवढं माझ्याकडे देते, हे उपकार."

"आजच्या दिवस घाल गं."

"रोजच आजचा दिवस असतो तुमचा." तिने हात धुतले आणि आवाज उतरवला. "इति येतेय ना आज? अजून किती दिवस माझ्या गाईच्या पोटात लपवणार आहात?"

मास्तरांनी भात गव्हाणीत ओतला. रिकामी बादली घेऊन परतले. अंगणात पाऊल टाकलं आणि थबकले.

इति येऊन पोचली होती. तिची बॅग तुळशीवृंदावनापाशी तशीच पडलेली. सारवलेल्या जमिनीवर कुंतळा उकिडवी बसून झोटी, वाटलेल्या तांदळाची ओली रांगोळी, काढत होती. उंबऱ्यापासून धान्याच्या कणगीपर्यंत लक्ष्मीची पावलं उमटवत निघाली होती. हातात स्टीलचा वाडगा. झोटीसाठी भिजवलेले तांदूळ कोपऱ्यात तसेच, न वाटलेले.

"बापा, बघा तरी!" इति म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "एक रेघ चुकत नाहीये. मी उगाच घाबरले होते."

मास्तरांनी वाडगा ओळखला. बोलावं, तर भाताची गोष्ट बाहेर येणार. गप्प राहावं, तर देवीची पावलं खरकट्याने उमटणार. ते गप्प राहिले. एक पाऊल झालं, दुसरं झालं. आयुष्यात खरकट्या हाताने देव्हाऱ्याला न शिवलेला माणूस बादली धरून बघत राहिला.

तिसऱ्या पावलाच्या बोटांवर कुंतळा थांबली. तिने अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं. पुन्हा चोळलं.

"हे चिकटतंय," ती म्हणाली. "कच्च्या तांदळाचं पीठ असं चिकटत नाही. हे शिजलेलं आहे." तिने वर पाहिलं. "इति, हे खरकटं आहे गं."

"बोऊ, असं कसं होईल?"

"मीच केलं असणार." तिचा आवाज बारीक झाला. "हल्ली माझं मला कळत नाही. वडे करते ते आठवत नाही. आणि आता लक्ष्मीला खरकटं... मीच केलं."

इतिने बापाकडे पाहिलं. तो उजळलेला चेहरा विझला होता. मास्तरांना कळलं, आता नुसतं उभं राहिलं तरी पुरे. दोष आपोआप कुंतळाच्या पदरात पडेल, आणि सगळे तो खरा मानतील. तीसुद्धा.

त्यांनी बादली खाली ठेवली.

"मी वाटलं ते," ते म्हणाले. "वडेही मीच करतो."

"तुम्ही?" कुंतळाला हसू आलं, मग ते थांबलं. "कशाला?"

"भात उरतो."

"का उरतो?"

"तू आठ जणांचा शिजवतेस. रोज."

कुंतळाने त्या तीन पावलांकडे पाहिलं. "मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. एकदा."

त्यावर ती रडली नाही. उठली, शेणाचं पाणी आणलं आणि आपल्या हाताने पावलं पुसून काढली. मग कोपऱ्यातले तांदूळ पाट्यावर घेतले. इति वाटू लागली, तेव्हा तिने वाटू दिलं. मास्तरांशी ती एक शब्द बोलली नाही.

नवी पावलं वाळत असताना इति हळूच म्हणाली, "बापा, पूजा होऊ दे. शुक्रवारी मी तिला नेते. लपवलं नसतंत, तर डॉक्टरला केव्हाच दाखवलं असतं."

"मला तिच्याबरोबर येता..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. लेकीनेही ते पुरं केलं नाही.

दिवेलागणीला कुंतळाने त्यांना स्वयंपाकघरातून हाक मारली. तांदूळ मोजायची वेताची टोपली तिने त्यांच्या हातात दिली.

"तुम्ही घाला. तुमच्या हिशेबाने."

मास्तरांनी तिघांपुरते तांदूळ पाण्यात सोडले. ते तळाशी बसले, तळही पुरता झाकला नाही. कुंतळा वाकून पातेल्यात बघत होती. दारात इति उभी होती.

"अहो," कुंतळा अगदी हळू म्हणाली, लेकीला ऐकू जाऊ नये अशा बेताने. "एवढ्यात सगळ्यांचं होईल?"

"होईल," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी झाकण ठेवलं.