टोचऱ्या आवाजाची पिवळी डबी

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी डबी आहे. डबी म्हटले की तुम्हाला खाऊ आठवेल, पण माझ्या पोटात तारा आणि इवलेसे सुटे भाग आहेत. गिटार आणि स्पीकर यांच्या मधे मी जमिनीवर बसते. गिटारवाल्याने पायाने माझे बटण दाबले, की साध्या सुरांना गुर्मी चढते. मला ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात. लाथा खाऊन गाणारी दुसरी कोणी तुमच्या पाहण्यात असेल, तर मला जरूर कळवा.

एका लहानशा कारखान्यात एका बाईंनी डाख देऊन मला जोडले. तपासणाऱ्याने मला वाजवून पाहिले आणि तोंड वाकडे केले. "हिचा आवाज फार टोचतो हो," तो म्हणाला. "टोनचा नॉब खाली ठेवला, की धार कमी होईल," असे म्हणून बाईंनी मला खोक्यात घातले. म्हणजे मी जन्माचीच कर्कश. हे मी आधीच कबूल करते.

मला दादाने घेतले. दादा गिटार वाजवायचा, त्याची धाकटी बहीण चिमी गायची आणि ड्रमवर एक दणकट गडी असायचा, त्याला सगळे हातोडी म्हणत. छापखान्यामागच्या एका बंद खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या लावून, ते दर रविवारी सकाळी सराव करत. सुरुवातीला दादा माझा नॉब अगदी खाली ठेवायचा. लोक म्हणायचे, "काय गोड वाजतं रे तुझं!" मी फुशारून जायची.

अशी बारा वर्षे गेली. नॉब मात्र हळूहळू वर सरकत होता. दरवर्षी थोडा, कोणाच्या लक्षात न येण्याइतका. माझ्या मात्र येत होते, कारण नॉब माझाच होता.

मग कुरबुरी सुरू झाल्या. कार्यक्रमांत ऐकणारे पुढच्या खुर्च्या सोडून मागे जाऊ लागले. चिमीचा आवाज माझ्याखाली दबून जायचा. एका रविवारी ती रडकुंडीला आली. "दादा, सुई टोचल्यासारखं होतं. आता ही डबी तरी राहील, नाहीतर मी तरी!"

"अगं, मला तर बोथट वाटतं," दादा म्हणाला. त्याला खरेच तसे वाटत होते. पण खापर फुटले ते माझ्या डोक्यावर.

मला दुरुस्तीवाल्या काकांकडे नेले. त्यांनी माझे पोट उघडून एक भाग बदलला आणि माझी धार उतरवली. चिमीचा जीव भांड्यात पडला. पुढच्या रविवारी दादाने मला दाबले आणि तो वैतागला. "काकांनी हिचा जीवच काढला." त्याने नॉब पार शेवटापर्यंत नेला आणि स्पीकरचाही आवाज चढवला. चिमी पिशवी उचलून निघून गेली.

शेवटी काका स्वतः खोलीत आले आणि चिमीलाही समजावून घेऊन आले. स्पीकर जमिनीवर, दादाच्या पायाशी होता. काका हसले. "अरे, तुझ्या पोटऱ्यांना ऐकवतोयस होय? कान वर असतात बाबा." त्यांनी स्पीकर खुर्चीवर ठेवला आणि थेट दादाच्या तोंडासमोर आणला. "आता वाजव. आपणहून नॉब खाली आणशील."

दादाने वाजवले. चिमीने कानांवर हात दाबले. हातोडीही भिंतीकडे सरकला. दादा खाली वाकला, त्याची बोटे माझ्या नॉबवर आली. आता खाली, आता खाली, असे मी मनात म्हणत होते. नॉब आधीच शेवटाला होता, तरी दादा त्याला वरच ढकलू लागला.

"अजून थोडी धार हवी," तो म्हणाला.

काकांनी त्याचा हात धरून वाजवणे थांबवले. मी चालूच होते, त्यामुळे स्पीकरमधून बारीक सूं येत होती. "ही सूं ऐकू येते का रे?" काकांनी विचारले.

"कसली सूं?"

चिमीचा चेहरा पांढराफटक पडला. खोलीतल्या बाकी सगळ्यांना ती ऐकू येत होती.

कानांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की बारीक, उंच आवाज दादाचे कान सोडून गेले आहेत आणि ते परत येणार नाहीत. बंद खोली, दणदणाट, कानात कधी कापसाचा बोळाही नाही. त्या दणदणाटात मीही होते, मित्रांनो. त्याबद्दल मला फार वाईट वाटते.

परत आल्यावर दादा खोलीत चिमीजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "चिमे, म्हणजे तुझं गाणंही मला पुरतं ऐकू येत नव्हतं का गं?"

"मग छान गायलीस असं दर वेळी कशावरून म्हणायचास?"

"तुझा चेहरा बघून."

चिमी गेली नाही. माझा नॉब आता तीच लावते. दादा कानात आवाज अडवणारे बोळे घालतो, चिमीने मान हलवली की वाजवायला लागतो आणि पुन्हा नॉबला हात लावत नाही.

मित्रांनो, तुमचे कान जपा. आणि घरात कोणी आवाज वाढवतच चालला असेल, तर त्याच्यावर चिडण्याआधी जवळ जाऊन विचारा, "तुला ऐकू येतंय ना?" नॉब वर सरकतोय हे मला बारा वर्षे कळत होते, पण दादाशी बोलता येत नव्हते. तुम्हाला बोलता येते.