बांधावर येणारी गाडी

कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावर २००७ साली कृषी महाविद्यालयातल्या आकांक्षा मॅडम फॉर्म घेऊन आल्या. भाजीवाले शेतकरी कंपनीशी करार का करतात, एवढंच त्यांना विचारायचं होतं. विचारणाऱ्याचं काय जातं.

हरिचंद बांधावर बसून बोटाएवढ्या काकड्या क्रेटमध्ये भरत होता. बायको अनुसयाबाई जवळच्याच सरीत वाकून तोडत होती.

"काका, करार का केलात तुम्ही?"

"भाव बराबर भेटते."

"पण बाजारात साधी काकडीसुद्धा याहून महाग चाललीय."

हरिचंदनं क्रेट जरा पुढं सरकवलं. खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

चार वर्षांपूर्वी तो भेंडी घेऊन हिंगोलीच्या बाजारात बसला होता. तिथला रिवाज असा, की अडत्या ओळीनं लिलाव पुकारत येतो आणि धनी ढिगापाशी नसला तर त्याचा ढीग सगळ्यांच्या शेवटी जातो. सकाळी दहाला तांड्यातला धर्मसिंग निरोप घेऊन आला, "निलमला लई ताप हाय. वहिनीनं आत्ताच बोलावलंय." हरिचंदच्या पुढे सहा ढीग होते. "एवढा लिलाव होऊ दे, आलोच," तो म्हणाला. लेकरांना ताप येतोच, असं त्याला वाटलं. आग लागो त्या भेंडीला. लिलाव मध्येच अडला आणि त्याच्या ढिगाचा झाला दुपारी दोनला. तोवर अनुसयाबाई आठ वर्षांच्या पोरीला खांद्यावर टाकून नाक्यापर्यंत चालत गेली होती. जीपची वाट बघता बघता निलम तिच्या खांद्यावरच गेली.

तुमी काहून आले न्हाई, असं अनुसयाबाईनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो रडून मोकळा तरी झाला असता. पुढच्या साली कंपनीचा माणूस तांड्यावर आला. बियाणं, औषधं, भाव, सगळं सांगून सांगून थकला. हरिचंदनं एकच विचारलं, "माल न्यायला गाडी इथं येते का?" येते म्हटल्यावर त्यानं अंगठा उठवला.

"काका?" मॅडम पेन धरून थांबल्या होत्या.

हरिचंदनं आणखी एक काकडी उचलली. तेव्हा सरीतून अनुसयाबाई बोलली, मान वर न करता.

"गाडी बांधावर येते, मॅडम. माणूस घरी राह्यते. तेच लिवा."

हरिचंदच्या हातातली काकडी हातातच राहिली. म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं, इतकी वर्षं.

मॅडमनी फॉर्मवर नेमका रकाना शोधून खूण केली आणि वाचून दाखवलं, "वाहतूक खर्चात बचत. बरोबर ना, काका?"

"व्हय," हरिचंद म्हणाला. "बराबर."