वादळाच्या डोळ्यात

वादळ आलं कुठून, तर लांब भर समुद्रात पाणी तापलं, वर ढगांचा भोवरा धरला आणि तो गरगरत नेमका याच बंदरावर चालून आला. रेडिओ ओरडून ओरडून थकला. सगळं गाव टेकडीवरच्या शाळेत गेलं. थोरला मात्र गेला नाही.

का, तर अहो, तिथे धाकटा भाऊ होता ना! बंदराची रीत अशी, की वादळाआधी दोन होड्या शेजारी शेजारी बांधायच्या, मध्ये जुने टायर घालायचे. या भावांच्या होड्या कायम एकमेकींना बांधलेल्या. यंदा धाकट्याने आपली होडी मेहुण्याच्या होडीला बांधली. कारण थोरल्याच्या जिभेला हाड नाही. धक्क्यावर चारचौघांत तो धाकट्याला म्हणाला होता, "तू बायकोच्या ओंजळीने पाणी पितोस." तेव्हापासून अबोला.

थोरल्याची बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. थोरला घरात एकटाच बसला. दुपारी पत्रे उडाले, खिडकी चौकटीसकट आत आली, तेव्हा तो पलंगाखाली शिरला आणि "धाकट्या, धाकट्या" अशा हाका मारू लागला. ऐकणार कोण, कप्पाळ!

मग वारा एकदम पडला, चक्क ऊन आलं. हा वादळाचा डोळा, थोड्याच वेळात वारा उलट्या बाजूने येणार, हे थोरल्याला ठाऊक होतं. आता मात्र त्याला भाऊ हवा होता. जावं, माफी मागावी, म्हणून तो निघाला. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही! आपण नमतं घेतलेलं कुणी पाहू नये म्हणून सरळ रस्ता सोडून तो मागच्या गल्लीने टेकडी चढला.

शाळेच्या दारातच भावजय उभी होती.

"भाऊजी, एकटेच? हे कुठायत?"

"कोण, धाकटा? इथे नाही?"

"अहो, वारा थांबल्याबरोबर तुम्हाला आणायला धावले! म्हणाले, दादा हट्टी आहे, उचलूनच आणावा लागेल. रस्त्यात भेटले नाहीत?"

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो माघारी वळला तोच दारं धाडकन आपटली. वारा आता समुद्राकडून आला होता, पहिल्याहून दांडगा. तिघांनी त्याला कमरेला मिठी मारून धरलं.

"सोडा रे! माझा भाऊ आहे तो!"

कुणी सोडलं नाही. भावजय भिंतीला टेकून खाली बसली. थोरला तिच्यापाशी गेला, तर तिने तोंड फिरवलं. मग तो समोरच्या भिंतीशी जाऊन बसला. त्याच्या शेजारी कुणी आलं नाही.