डोळ्याच्या कडेनं

वैष्णवीच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध धुकं होतं. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नेमकं गायब! शाळकरी वयातच आईनं दम भरला होता, "तिरकं बघू नको गं, लोक नावं ठेवतील." पोरीनं ते इतकं मनावर घेतलं, की समोरच्याच्या तोंडाकडे सरळ बघत बोलायची आणि काही दिसत नसताना छान हसायची. नवऱ्यालाही तिनं पत्ता लागू दिला नाही.

पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षांच्या पेट्यांची कॉम्प्युटरवर नोंद करायचं काम तिला जिवापाड आवडायचं. कुणी नसलं, की मान वळवून कडेनं वाचायची. यंदा तेही जमेना आणि बिंग फुटलं. मालक शेखरशेठ माणूस चांगला, पण म्हणालाच, "वाचता येत असंल तरच ये, ताई."

म्हणून योगेश बायकोला नाशिकला, कमी दिसणाऱ्यांसाठीच्या केंद्रात घेऊन आला. तिथल्या ज्योत्स्नानं स्क्रीनखाली एक काळी पट्टी बसवली. डोळ्यांचा माग काढून नजर जिथं टेकेल तिथली अक्षरं ती पट्टी मोठी करणार होती. "आधी या पट्टीला तुमची नजर शिकवू. ठिपका दिसेल तसं बघा, ताई."

वैष्णवी शहाण्यासारखी ताठ बसली, सरळ बघत. ठिपका कुठला दिसायला! यंत्र बापडं चुकीचंच शिकलं आणि भलतीच अक्षरं फुगवू लागलं. पुन्हा तेच. काम गेलंच म्हणायचं.

"एकट्या असता तेव्हा कसं बघता?" ज्योत्स्नानं हळूच विचारलं.

योगेश शेजारीच उभा होता. वैष्णवीनं लाज गुंडाळून ठेवली आणि डोळे वर, डावीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात नेले.

ठिपका दिसला. यंत्र ती तिरकी नजर शिकलं आणि मग अक्षरं आली, टपोऱ्या द्राक्षांएवढी. ती ओळीवर पुढं सरकली, की पुढचा शब्द आपणहून मोठा व्हायचा. जन्मभर लपवलेली खोड यंत्रानं बिनबोभाट मान्य केली होती! ती मोठ्यानं वाचत सुटली, थांबेचना.

"म्हंजे माझ्याशी बोलताना..." योगेश अडखळला, "मी दिसायचोच नाय तुला?"

"नाय. तुम्ही दुसरीकडं बघत असले, की चोरून बघायचे."

त्यानं खुर्ची ओढली आणि अगदी समोर बसला. "आता बघ. शेखरशेठसमोर पन असंच बघायचं. लोकं गेले उडत!"

तिनं नजर छताकडे वळवली. तो आणखी काय काय बोलत होता, ते तिला नीट ऐकूही आलं नाही. योगेश आपल्याशी बोलताना कसा दिसतो, ते ती लग्नानंतर पहिल्यांदा बघत होती.