जाफराबादचं सरासरी वजन

भारताचं कमी पल्ल्याचं जेट विमान ज्या दिवशी झेपावेल, त्या दिवशी इतिहासाला जाफराबादपुढे मान झुकवावी लागेल, असं भुजंगराव देशमाने यांनी जाफराबादच्या एसटी स्टँडवर खणखणीत आवाजात जाहीर केलं. ऐकायला चौकशीच्या खिडकीतला संपत होता, आणि एक शेळी. संपतला डुलकी लागली होती.

साल शहाण्णव. भुजंगराव अकरा वर्षं बंगळूरला विमानाच्या आराखड्यावर होते. विमान आधी चौदा सीटचं होतं, मग तीसचं, मग पन्नासचं. दर वेळी जुने कागद कपाटात गेले आणि भुजंगरावांचे थोडे केसही गेले. आता निवृत्तीला दोन महिने उरले होते. अख्ख्या विमानात निदान एक आकडा आपला असावा, एवढंच मागणं राहिलं होतं. म्हणून साहेबांच्या मागे लागून त्यांनी हे काम मिळवलं. परदेशी पुस्तकात प्रवासी सत्त्याहत्तर किलोचा धरतात. आपला माणूस सामानासकट खरा किती भरतो, ते मोजायचं. कमी पल्ल्याच्या विमानात उद्या बसणार कोण? आज एसटीत बसतात तेच. आणि एसटी स्टँड म्हटल्यावर भुजंगरावांना आपल्या तालुक्याचाच आठवला.

जिनिंग मिलमधून कापूस तोलायचा काटा आणला. तासाभरात बातमी फुटली, की दिवाळीपासून तिकीट वजनावर. रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या कडूबानं चपला, फेटा, पिशवी, सगळं बायकोच्या हवाली केलं आणि श्वास सोडून काट्यावर चढला.

"सायेब, सकाळपासून जेवलो न्हाई. तसं लिहा."

बायकोची पाळी आली तेव्हा सामान कडूबाकडे. दुपारपर्यंत पन्नास माणसांची सरासरी भरली एक्केचाळीस किलो.

"अरे, तिकिटाचं न्हाई हे! विमानाचं हाय!" भुजंगराव ओरडले.

"मंग आधी बोलायचं न्हाई का?" कडूबा म्हणाला.

विमानात जाड माणसाला रुंद सीट, ही दुसरी बातमी पहिलीपेक्षा जल्दी पसरली. दुपारून लोक ज्वारीचं पोतं, शेजाऱ्याची ट्रंक, कडेवर मिळेल ते पोर घेऊन चढले. आणखी पन्नास माणसं. सरासरी ब्याऐंशी.

भुजंगरावांनी दोन्हींची बेरीज केली, निम्मी केली. साडेएकसष्ट. आकडा इतका खरा दिसत होता, की त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्या.

काट्यावर चढल्या नाहीत त्या फक्त भाजीवाल्या द्वारकाबाई. "माझं वजन माझ्या गुडघ्यायला ठावं हाय," असं म्हणून त्या टोपलीमागून दिवसभर तमाशा पाहत राहिल्या.

पाच वाजता भुजंगरावांनी एसटीडी बूथवरून बंगळूरला फोन लावला. आकडा सांगायच्या आधीच तिकडून साहेब बोलू लागले. भुजंगराव नुसतं "हो", "बरं" म्हणाले आणि परत येऊन काट्यावरच बसले. काटा त्रेसष्टवर थांबला.

"काय म्हन्ले साहेब?" संपतनं विचारलं.

"विमान आता सत्तर सीटचं. आराखडा परदेशातून येणार, पंखांसकट. माणसाचं वजनही त्यांच्याच पुस्तकातलं."

"मंजे किती?"

"सत्त्याहत्तर."

संपतनं आपल्या पोटाकडे पाहिलं. "मंग तेवढं खाऊ घालून राह्यले का ते?"

दोन रेघांचा कागद भुजंगरावांनी घडी घालून खिशात ठेवला आणि तसेच बसून राहिले. उठायचं कशासाठी, तेच त्यांना सुचेना.

द्वारकाबाई टोपली ओढत जवळ आल्या.

"भाऊ, काटा मोकळाच हाय ना आता? जरासं उठा, एवढी वांगी तोलून द्या."